‘उद्या रविवार हाय’ : रतनवाडीतल्या चार दिवसांच्या सहलीचा प्रकरण अभ्यास

लहान गटांना घेऊन आम्ही सह्याद्रीत चालण्याच्या, सायकलच्या सहली करतो. त्यातली ही एक, दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरमधली. पाहुण्यांच्या परवानगीने लिहितो आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. सगळे सुखरूप घरी पोचले हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवट काय झाला याच्या घोरात वाचावं लागणार नाही. वाचायचं ते मधलं.

पार्श्वभूमी

पाहुणे नऊ. पुण्यातली दोन कुटुंबं, म्हणजे चार मोठी माणसं आणि ११ ते १७ वयाची चार मुलं. शिवाय त्यातल्या एकीची मावशी, वय ६१. मावशी रोज सकाळी तळजाईच्या टेकडीवर तासभर चालायच्या आणि फोनवर मला म्हणाल्या होत्या, ‘माझी काळजी करू नका, या पोरांची करा.’ आमच्याकडून मी आणि माझी एक सहकारी. गावातून वाटाड्या मामा आणि त्यांचा विशीतला पुतण्या. एकूण तेरा.

मागणी सरळ होती. चार दिवस, गर्दी नको, हॉटेल नको, मुलांच्या हातातून मोबाईल सुटला पाहिजे. आम्ही भंडारदऱ्याच्या पाण्याची मागची बाजू सुचवली. प्रवरेवरचं धरण १९१० ते १९२६ या काळात बांधलं गेलं, आणि त्याच्या पाण्याभोवती रस्त्याचं एक कडं आहे : शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल आणि परत शेंडी. आसपासचं बरंचसं रान १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं. वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. पावसाळा सरता सरता भात पिवळं पडायला लागतं, ओढ्यांना पाणी असतं आणि गडांवर सोनकी फुललेली असते. चालायला यापेक्षा बरा महिना मला माहीत नाही.

आखणी अशी : शुक्रवारी पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर असं रतनवाडीला पोचायचं, संध्याकाळी अमृतेश्वराचं देऊळ आणि पुष्करणी. शनिवारी पाण्याकाठी सायकली. रविवारी रतनगड, आणि तोही आल्या वाटेने परत न उतरता त्र्यंबक दरवाजाने पलीकडे साम्रदला. गाडी तिकडे उभी. सोमवारी सांदण दरीच्या तोंडापर्यंत जाऊन पुण्याला परत.

शनिवार उत्तम गेला. मुलांनी उडदावण्याच्या पुढचा चढ न उतरता सायकल मारली, घाटघरच्या कड्यावर तासभर बसून सगळ्यांनी खाली कोकण पाहिलं, अलंग-मदन-कुलंग कोणता कोणता यावरून वाद घातला. रात्री ओसरीवर नागलीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, ठेचा. बारा वर्षांच्या एकाने चार भाकऱ्या खाल्ल्या आणि त्याच्या आईने ते मोजले.

जेवणं उरकल्यावर मामा माझ्याशेजारी येऊन बसले. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘उद्या रविवार हाय.’

मी म्हणालो, ‘हो ना, म्हणूनच लवकर निघू.’

‘व्हय,’ म्हणाले, आणि टोपी झटकून उठले.

या प्रकरणात जे काही चुकलं त्याचं मूळ माझ्या मते या तीन वाक्यांत आहे. पण ते कळायला मला आठवडा लागला.

अडचण

निघायची वेळ सहा ठरली होती, निघालो सात पंचविसाला. कारण कांदेपोहे. घरमालकीणबाई चुलीवर तेरा जणांचे पोहे करत होत्या, आणि गरम पोहे सोडून बिस्किटांवर निघा असं पाहुण्यांना सांगण्याइतका मी खमका नाही.

रतनगड सुमारे ४,२५० फूट उंच. रतनवाडीतून साधारण पावणेदोन हजार फुटांची चढण पडते. सुरुवातीची वाट प्रवरेच्या उगमाच्या ओढ्याने जाते आणि तो ओढा दोन-तीनदा ओलांडावा लागतो. सकाळी पाणी घोट्याएवढं होतं. मुलं मुद्दाम बूट भिजवत गेली. पुढे दाट झाडी, मग हरिश्चंद्रगडाकडे जाणारा फाटा, आणि शेवटी कातळाला लावलेल्या लोखंडी शिड्या.

शिडीखाली पोचलो दहा वीसला. पुढे रांग होती. आमच्या आधी निदान दीडशे माणसं, त्यातले बरेच मुंबईहून रात्रीच्या बसने आलेले मोठे गट. सोनकीचे व्हिडिओ फोनवर फिरायला लागले की दोन-तीन रविवार गडाचं असंच होतं. शिडीवर एका वेळी एकाच दिशेने जाता येतं. वरून कोणी उतरायला लागलं की खालचे थांबतात, मधेच कोणीतरी घाबरून थिजतं, मग त्याला धीर देण्याचा सार्वजनिक कार्यक्रम होतो. नुसत्या रांगेत आमची एक तास चाळीस मिनिटं गेली. दरवाजातून वर आलो तेव्हा पाऊण वाजत आला होता. आखणीत या वेळेला आम्ही पलीकडची निम्मी उतरण संपवलेली होती.

रांगेत उभं राहून मावशींचा उजवा गुडघा आखडला होता. शिडीच्या पायऱ्यांमधलं अंतर जास्त, प्रत्येक पायरीला गुडघा पोटापर्यंत घ्यावा लागतो. त्या काही बोलल्या नाहीत. गडावरच्या गुहेत डबे उघडले तेव्हा त्या पाय लांब करून बसल्या, आणि उठताना भाचीचा हात धरला. सहकाऱ्याने ते पाहिलं आणि मला खुणावलं. गुडघ्याच्या वाटीच्या आतल्या बाजूला सूज होती, फार नव्हे, पण हाताला लागत होती.

दीड वाजता गुहेबाहेर आलो तर पूर्वेला ढग उभे राहिले होते. परतीच्या पावसाचं हे लक्षण इकडे सगळ्यांना ठाऊक आहे : जुलैतला पाऊस पश्चिमेकडून, समुद्रावरून, दिवसभर झिमझिमत येतो, ऑक्टोबरातला दुपारनंतर, उलट्या बाजूने, विजा घेऊन. अजून गडगडाट नव्हता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय : सगळ्यांनी आल्या वाटेने परत. ओळखीची वाट, खाली गावात घर. तोटे तीन. शिडीला उतरणाऱ्यांची रांग लागायला सुरुवात झाली होती, विजा आल्याच तर उघड्या कातळावर लोखंडाला धरून उभं राहावं लागणार होतं, आणि खाली तो ओढा होता.

दुसरा : सगळ्यांनी त्र्यंबक दरवाजाने साम्रदला. गर्दी जवळजवळ नाही, ओढ्याची भीती कमी, गाडी तिथेच. पण दरवाजाखालच्या खोदीव पायऱ्या उंच आणि काही ठिकाणी तुटलेल्या. त्यानंतर खुट्टा सुळक्याच्या पायथ्याने लांबलचक जंगलवाट. दुखऱ्या गुडघ्याला चढणीपेक्षा उतरण जास्त छळते, आणि ही उतरण शिडीच्या बाजूपेक्षा कितीतरी लांबची.

तिसरा : वादळ येऊन जाईपर्यंत गुहेत थांबणं. परतीचा पाऊस तास-दोन तासांत आटोपतो. मग जी वाट धरू तिच्यावर अंधार होणार हे उघड होतं. आमच्याकडे तेराजणांत चार हेडटॉर्च होते, आणि त्यातले दोन ‘दिवसाचाच तर ट्रेक आहे’ म्हणून साम्रदच्या गाडीत ठेवलेले.

चौथा : गट फोडणं. मावशी, भाची, सहकारी आणि पुतण्या शिडीने खाली. उरलेले नऊ जण मामांबरोबर साम्रदला.

मामांना विचारलं. ते म्हणाले, ‘तुमी म्हनाल तसं.’ मी पुन्हा विचारलं, तर म्हणाले, ‘मावशींला तिकून न्यायाचं अवघड हाय.’ हे दुसऱ्या पर्यायाबद्दल होतं आणि अगदी खरं होतं. पण पहिल्या आणि चौथ्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत, आणि मीही ‘मग तुम्ही एकटे असतात तर काय केलं असतं?’ असं विचारलं नाही.

मी चौथा पर्याय निवडला. त्या वेळी तो मला सगळ्यात शहाणपणाचा वाटला होता. मावशींना जवळची वाट मिळत होती, मुलांना ठरलेली मोठी वाट मिळत होती, कोणाचा हिरमोड होत नव्हता. आता वाटतं, कोणाचाच हिरमोड होत नाही असा निर्णय डोंगरात सुचला की तो दोनदा तपासावा. आमच्या निर्णयाने सगळे खूश झाले आणि रेंज नसलेल्या डोंगराच्या दोन बाजूंना दोन गट गेले. कोणत्या वेळेपर्यंत कोण कुठे पोचलं नाही तर कोणी काय करायचं, हे न ठरवता.

काय घडलं

आमचा गट आधी नेढ्याकडे गेला. ते टाळायला हवं होतं. पण मुलं सकाळपासून नेढ्याचं नाव घेत होती, आणि कड्याला आरपार पडलेल्या त्या भोकात बसून वारा खाल्ला नाही तर रतनगडाला आलोच कशाला, असं मलाही वाटलं. पंचवीस मिनिटं गेली. दोन पन्नासला पहिले थेंब आले तेव्हा आम्ही त्र्यंबक दरवाजाच्या पायऱ्यांवर होतो. मामांनी दोर बांधला, एकेकाला उतरवलं. ओल्या पायऱ्यांवरून सात पाहुण्यांना उतरवायला सव्वा तास लागला. विजा दूर कळसूबाईच्या अंगाला होत्या. साम्रदला पोचलो तेव्हा सहा वाजले होते. भिजलेले, थकलेले, पण मुलं जाम खूश.

पलीकडचं मी नंतर सहकाऱ्याकडून ऐकून लिहितो आहे.

त्या चौघांना उतरणाऱ्यांच्या रांगेत तास-सव्वा तास गेला. गडगडाट पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा मावशी खालच्या शिडीच्या मधोमध होत्या. वरून लोक ओरडायला लागले, ‘चला, चला पटकन.’ सहकाऱ्याने एका पायरीवर उभं राहून वरच्यांना थांबवलं आणि मावशींना आपल्या गतीने उतरू दिलं. त्याबद्दल तिने बऱ्याच शिव्या खाल्ल्या. खाली पुतण्याने वाळलेल्या कारवीची एक काठी शोधून आणली, त्यांच्या उंचीची मोडली, आणि टोचू नये म्हणून वरच्या टोकाला आपला रुमाल गुंडाळला. ती काठी आज मावशींच्या घरी दाराच्या मागे आहे.

पावणेपाचला ते ओढ्याच्या सर्वात वरच्या उतारावर, म्हणजे ओढा ओलांडायच्या जागी, पोचले. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी गढूळ लाल होऊन मांड्यांपर्यंत आलं होतं, आणि आतून दगड गडगडत असल्याचा आवाज येत होता. काठावर पन्नासेक माणसं. एका मोठ्या गटाने हातात हात घालून साखळी केली आणि ओलांडायला सुरुवात केली. मधला एकजण घसरला, त्याला दोघांनी ओढलं, त्याची सॅक वाहून गेली. तरी बाकीचे गेलेच. पलीकडून हाका येत होत्या, ‘या हो काकू, आम्ही धरतो.’

सहकारी म्हणाली, नाही. भाचीचं म्हणणं, अंधार पडतोय, सगळे जाताहेत, आपणही जाऊ. मावशींचंही तेच. पुतण्या तेवढा म्हणाला, ‘पानी जसं येतं तसं जातं. बसा.’ एक काडी त्याने पाण्याच्या कडेला रोवली आणि तिच्याकडे बघत बसला. साडेपाचला काडी पाण्यात गेलेली होती. सहाला पाणी काडीखाली उतरलं. सहा पन्नासला पाणी गुडघ्याच्या खाली होतं आणि पुतण्याने मावशींना पाठकुळी घेऊन पलीकडे नेलं. दोन तास पाच मिनिटं पावसात बसून राहण्याचा सहकाऱ्याचा हा निर्णय मला त्या दिवसातला सगळ्यात चांगला निर्णय वाटतो. तो तिने सगळ्यांच्या मनाविरुद्ध घेतला.

इकडे आम्ही गाडीने साडेसहाला रतनवाडीत पोचलो, तर चौघं आलेले नव्हते. मामांनी भाचीच्या नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता वस्तीकडे गेले. दहा मिनिटांत चार गडी, दोर, तीन बॅटऱ्या, एक बांबू आणि एक जाड चादर. डोली कशी करायची हे या गावांत कोणाला शिकवावं लागत नाही. गाडी वस्तीपर्यंत जात नाही तिथल्या आजाऱ्याला, बाळंतिणीला अशीच न्यावी लागते. मीही त्यांच्याबरोबर निघालो. आठला दहा मिनिटं कमी असताना मधल्या उतारावर भेट झाली. मावशी डोलीत बसायला तयार होईनात. मामा म्हणाले, ‘मावशी, आमची माणसं उगाच अंधारात बांबू घेऊन आली का?’ मग बसल्या. सव्वानऊला घर.

निष्पत्ती

सोमवारी सकाळी राजूरला डॉक्टरांना दाखवलं, गुडघा बांधून घेतला. पुण्यात केलेल्या एमआरआयमध्ये मेनिस्कसला (गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीला) जुनी झीज आणि नवी फाट निघाली. शस्त्रक्रिया लागली नाही. सहा आठवडे व्यायाम आणि जिना बंद.

सांदण रद्द केली. दरीत पाणी साचलं असणार होतं, आणि वर पाऊस झाला असताना त्या अरुंद घळीत शिरायचं नसतं, हे तरी मी न विचारता ठरवलं. त्याऐवजी मोठी माणसं ओसरीवर बसली. मुलं मामांबरोबर खाचरात गेली. रात्रीच्या पावसाने काळभात आडवा झाला होता, त्याच्या पेंढ्या बांधून उभ्या करायला. हे काम सहलीच्या पत्रकात नव्हतं. मावशी अंगणात बाजेवर पाय वर करून घरमालकीणबाईंशी तीन तास बोलत होत्या.

पैशांचं सांगतो, कारण अशा लेखांत ते राहून जातं. रविवारचे पैसे आम्ही पाहुण्यांना परत दिले. चार गड्यांना मजुरी द्यायला गेलो, त्यांनी घेतली नाही. मामांनी ती घ्यायला लावली, म्हणाले, ‘घ्या, पुढच्या बारीला यांना लाज वाटायला नको.’

वेगळं काय करता आलं असतं

आठवड्याने मी मामांना फोन केला आणि विचारलं, त्या रात्री तुम्ही ‘उद्या रविवार हाय’ म्हणालात, ते काय होतं?

त्यांचं उत्तर असं : रविवारी शिडीला दोन-दोन तास मोडतात हे त्यांना माहीत होतं. मावशींना शनिवारी सायकलवरून उतरताना त्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या डोक्यात होतं की रविवारी सांदणच्या तोंडाशी किंवा पाण्याकाठी फिरू, आणि गड सोमवारी करू, मोकळ्या शिडीने, आल्या वाटेने परत. ‘मग बोलला का नाहीत?’ तर म्हणाले, ‘बोललो की.’

आणि ते बोलले होतेच. फक्त शहरातल्या माणसाला ‘नको’ हा शब्द ऐकू आल्याशिवाय नकार कळत नाही. इकडे पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. त्यात मी त्यांना दिवसाचे पैसे देणारा. गेलो नाही तर दिवस बुडेल की नाही, हे त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. आता सांगतो : गडावर गेलो तरी आणि न गेलो तरी वाटाड्याचे पैसे तेच, आणि ते आदल्या रात्री हातात. शिवाय एक प्रश्न ठरवून विचारतो, ‘तुमची आई असती तर उद्या नेली असतीत का?’ या प्रश्नाला ‘तुमी म्हनाल तसं’ हे उत्तर देता येत नाही. गेल्या दोन वर्षांत तीनदा उत्तर ‘नसती नेली’ आलं, आणि तीनदा आम्ही बेत बदलला.

पोह्यांबद्दलही बोललं पाहिजे. पंचाऐंशी मिनिटांचा उशीर पोह्यांमुळे झाला, पण पोहे करायला मीच सांगितलं होतं, आणि तेरा माणसांचे पोहे एका चुलीवर किती वेळात होतात याचा हिशेब मी केला नव्हता. आता शिडीच्या दिवसासाठी आदल्या रात्रीच दशम्या करून ठेवतात.

मावशींच्या बाबतीत चूक त्याहून आधीची. आमच्या पत्रकात रतनगडापुढे ‘सोपा ते मध्यम’ लिहिलेलं होतं. ते वाटेबद्दल खरं आहे, आणि तिशीतल्या माणसाच्या चढणीबद्दल. दीड तास रांगेत उभं राहिल्यानंतरच्या उतरणीबद्दल त्यात काही नाही. तळजाईची टेकडी रोज चढणाऱ्या बाईंना आम्ही ‘किती चालता?’ विचारलं, ‘जिना उतरताना गुडघा दुखतो का?’ हे विचारलं नाही. नंतर विचारलं तर म्हणाल्या, ‘दुखतो की, तीन वर्षं झाली.’

गट फोडण्याबद्दल माझं आणि सहकाऱ्याचं अजून एकमत नाही. तिचं म्हणणं, फोडला हे बरोबर. सगळ्यांना ओढ्याशी आणलं असतं तर चार मुलं आणि त्यांचे आईबाप यांना दोन तास काठावर बसवणं तिला जमलं नसतं, तेही त्या साखळीत गेले असते. माझं म्हणणं, मामा ओढ्याशी असते तर गेले नसते. एवढं दोघांना मान्य आहे की फोडायचाच होता तर नेढं सोडून आम्ही थेट उतरायला हवं होतं, चारही हेडटॉर्च पाठीवर हवे होते, आणि ‘पाचपर्यंत घरी आलो नाही तर गावातून माणसं निघतील’ हा निरोप सकाळीच घरमालकीणबाईंकडे ठेवायला हवा होता. त्या दिवसभर घरीच होत्या. चारला पाऊस पाहून त्यांना काळजी वाटली होती. पण पाहुणे साम्रदला उतरणार हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्या गप्प बसल्या.

यंदा फेब्रुवारीत मावशींचा फोन आला. गुडघा बरा आहे, जिना उतरता येतो, आणि नेढं राहिलंय. मी मामांना कळवलं, कधी आणू विचारलं.

‘कवाबी आना,’ म्हणाले. मग थोडं थांबून, ‘वार बघून.’